तीन बोटांची मूठ

आवाज झाला तेव्हा नरेंद्र पेपर वाचत बसला होता. लाकूड मोडल्याचा आवाज त्याने लगेच ओळखला. फळी कापून संपते आणि तुकडा खाली पडतो तेव्हाचा तो नव्हता, पात्याचाही नव्हता. पाठोपाठ गॅलरीतून बायकोचं, अस्मिताचं, "अगं बाई" ऐकू आलं. तो उठला नाही. पेपरातली ओळ त्याने पुन्हा पहिल्यापासून वाचली आणि ती त्याला कळली नाही. मग अस्मिता दारात येऊन उभी राहिली. गाऊनवर भुसा, केसांत भुसा, एका हातात करवत आणि दुसऱ्या हातात करवतीच्या मुठीचा वरचा अर्धा भाग. चपलांचं रॅक करायचं म्हणून ती सकाळपासून जुन्या कपाटाच्या फळ्या कापत होती. "मोडली," ती म्हणाली. "असू दे," तो म्हणाला. "तुमचं सगळं असू देच असतं." हे ती भांडायच्या सुरात म्हणाली नाही, घरातली एखादी जुनी गोष्ट सांगावी तसं म्हणाली, आणि मुठीचा तुकडा त्याच्या पेपरावर ठेवून हात धुवायला आत गेली. तुकडा अग्रलेखावर पडला होता. मोडलेली कड अर्धी काळपट होती आणि अर्धी ताजी, पिवळसर. म्हणजे भेग जुनीच होती. कधीपासून तरी ती आत आत चालली होती आणि आज पलीकडे पोचली, इतकंच. आपल्याला वाईट वाटायला हवं असं त्याच्या मनात आलं. त्याने थोडा वेळ वाट पाहिली. तसं काही वाटलं नाही. खाली कात्रपच्या रस्त्यावर कोणीतरी रिक्षावाल्याशी हिंदीत हुज्जत घालत होतं, ते मात्र त्याने शेवटपर्यंत ऐकलं.

ही करवत त्याने एकोणिसाव्या वर्षी घेतली होती. अंबरनाथच्या फाउंड्रीत तो तेव्हा नुकताच उमेदवार म्हणून लागला होता आणि स्वतःची हत्यारं असली पाहिजेत असं सगळे म्हणत. उल्हासनगरला जुन्या सामानाची दुकानं होती, त्यातल्या एका सिंधी म्हाताऱ्याने ढिगातून ही ओढून काढली होती. पात्यावर गंज होता, पण त्याने पातं वाकवून सोडलं तेव्हा ते कितीतरी वेळ थरथरत राहिलं. "हाथ में लेके देख, साईं," म्हातारा म्हणाला होता. नरेंद्रने हातात घेतली आणि मूठ हाताला अशी बसली की जणू आपलाच हात दुसऱ्या बाजूने कोणीतरी धरला आहे. तर्जनी पात्याच्या दिशेने सरळ पुढे आणि उरलेली तीन बोटं भोकातून आत. करवत अशीच धरायची असते. पुढे वीसेक वर्षं त्याने ती तशी धरली. पॅटर्न शॉपमध्ये यंत्रं होती, तरी बारीक काम हातानेच व्हायचं. ओतकामाच्या आधी प्रत्येक वस्तूचा लाकडी नमुना करावा लागतो. तो वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. नमुना करणारे ते पॅटर्नमेकर. पंपाची झाकणं, व्हॉल्वचे सांगाडे, चाकं. त्याने केलेलं एकही लाकूड कुठे वापरात गेलं नाही. गेला तो त्याचा आकार. तेव्हा त्याला ह्यात विशेष काही वाटलं नव्हतं. काम होतं, हात चांगला होता, शेजारच्या बाकावर बबन होता.

मग ती दुपार. जेवून नुकतेच सगळे परत आले होते. बँडसॉवर, फिरत्या पात्याच्या यंत्रावर, सागाचा तुकडा होता, त्यात गाठ होती आणि ती गाठ त्याने पाहिली होती. इतकं त्याला पक्कं आठवतं, की गाठ पाहिली होती. तुकडा फिरला. टेबलावरचा भुसा आधी गुलाबी झाला आणि मग लाल. त्याला वाटलं कोणीतरी रंग सांडला. नमुन्यांना लाल रंग देतात, त्याचा डबा उलटला असेल. बबनने यंत्र बंद केलं. बबननेच दंडाला पट्टा आवळला, आणि मॅनेजरच्या गाडीत त्याला कोंबताना नरेंद्रला दिसलं की बबनच्या दुसऱ्या हातात रुमाल आहे आणि तो त्याने जेवणाच्या डब्यासारखा आडवा, जपून धरला आहे. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही मुळापासून गेली. जोडता येणार नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलं. पुढे त्याला टाइम ऑफिसात बसवलं. तिथे एक खिडकी होती, तिच्यातून लोक हजेरीची कार्डं आत सरकवत आणि तो डाव्या हाताने सही करी. बबन सुरुवातीला रोज जेवायच्या सुट्टीत डबा घेऊन त्या खोलीत यायचा. नरेंद्र आधीच जेवून घेऊ लागला. काही दिवसांनी बबन यायचा थांबला. लोकांना वाटलं, त्याला बबनचा राग आहे, त्या दुपारी बबनचं काही चुकलं असेल. तसं काहीच नव्हतं. ज्याने आपली बोटं रुमालात उचलून घेतली त्याच्यासमोर बसून भात कसा खायचा, एवढंच त्याला जमलं नव्हतं. नंतर फाउंड्रीच बंद पडली. बबन त्याच्या गावात, शिरगावला, घरी बसला. नरेंद्रला कात्रपच्या एका शाळेच्या ऑफिसात काम मिळालं. आणि करवत माळ्यावर गेली. ती खाली आली ती अस्मितामुळे. तिला काही ना काही ठोकाठोकी करायची हौस होती, आणि तिने करवत वापरायला काढली तेव्हा तो काही बोलला नव्हता.

त्याने मूठ आधी गोंदाने चिकटवून पाहिली. दोरी गुंडाळून, दोन दिवस ठेवून. अस्मिताने पुन्हा फळीवर लावली आणि ती त्याच जागी सुटली. मग शाळेतून येताना तो कुळगावच्या एका हार्डवेअरच्या दुकानात गेला. काउंटरवरच्या माणसाने मोडकी मूठ उलटसुलट करून पाहिली. "अंकल, ये कौन बनाता है अब? पूरी करवत ले जाओ ना. ये देखो, ग्रिपवाला." भिंतीवर पिवळ्या-काळ्या प्लास्टिकच्या मुठींच्या करवती ओळीने टांगलेल्या होत्या. सगळ्यांची बोटांची भोकं सारखी होती. तो काही न घेता बाहेर पडला. घरी कोणी नव्हतं. त्याने करवत काढली, मोडलेला तुकडा डाव्या हाताने जागेवर दाबून धरला आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मुठीत उजवा हात घातला. अंगठा, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. हात भोकात लोंबकळत होता. पातं एका बाजूला कलंडलं. त्याने घट्ट धरायचा प्रयत्न केला तसं ते दुसऱ्या बाजूला कलंडलं. नसलेली तर्जनी पुढे सरळ झाली आहे, तिच्या पेरात जोर आला आहे, असं त्याला स्पष्ट जाणवत होतं, आणि पातं तरीही हलत होतं. त्याने करवत खाली ठेवली. एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. मूठ मोडली नसती तरी ती आता त्याची नव्हती. पूर्वीसारखी हुबेहूब नवी केली तरी नसणार होती.

संध्याकाळी भाजी निवडताना त्याने अस्मिताला विचारलं, "तुझ्या हाताच्या मापाची करून घेऊ का?" तिने मेथीची काडी मोडली. "मला कशाला? मी काय रोज कापते? करवत तुमची आहे. तुमच्या हाताची करा." "कुठल्या?" तो म्हणाला. हे आपण मोठ्याने म्हणालो असं त्याला नंतर कळलं. अस्मिताने दुसरी जुडी पुढे ओढली. तिने त्याच्या हाताकडे पाहिलं नाही. पाहायचं नाही हे तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यात प्रयत्न दिसत नसे. "बबनभाऊंकडे जा ना," ती म्हणाली. "वेणूताई भेटल्या होत्या मागे. म्हणाल्या, घरीच मागच्या बाजूला काम करतात. पाळणे, पाट असलं काय काय." "तो कशाला करेल?" "का नाही करणार? तुम्ही गेलात तर करतील. तुम्ही जाणार नाही, ते सांगा." तिने निवडलेली मेथी उचलली आणि ओट्याकडे गेली. नळ सुरू झाला. तो तसाच बसून राहिला. आपण कधीच कुठे जात नाही, हे तिला केव्हा कळलं असेल? आपल्यालाच तर आत्ता कळलं.

रविवारी तो गेला. शिरगावात जिकडेतिकडे इमारती उठत होत्या. बबनचं बैठं घर दोन इमारतींच्या मध्ये, त्यांच्या सावलीत सापडलं. मागच्या पत्र्याच्या पडवीतून कानशीचा आवाज येत होता. तो आवाज ऐकून नरेंद्र दारातच थांबला. परत फिरावं असं त्याला वाटलं, आणि तो फिरलाही असता, पण बबनची बायको वेणू बादली घेऊन बाहेर आली. तिने त्याला पाहिलं आणि बादली खाली ठेवून आत हाक मारली, "अहो, कोण आलंय बघा." बबन बाहेर आला. केस पिकले होते, नाकावर जाड चष्मा. तो दारात उभा राहिला आणि त्याने हातावरचा भुसा झटकला. "नऱ्या," तो शेवटी म्हणाला. मग, "ये. चपला राहू दे पायात, आत खिळे पडलेत." त्याने हाताकडे पाहिलं नाही. अस्मिता पाहत नसे ते सवयीने. बबन पाहत नव्हता ते जाणूनबुजून, आणि त्यात त्याची मान अवघडली होती. त्याने सरळ पिशवीतली करवत काढून घेतली. "कोणी मोडली?" "बायकोने." "काय कापत होती?" "चपलांचं रॅक करत होती. प्लाय." "ह्या करवतीने प्लाय?" बबनला खरोखरच वाईट वाटलं. त्याने पातं डोळ्यासमोर धरून दाते पाहिले. "धार लावते कोण?" "कोणी नाही." "ते दिसतंच आहे," बबन म्हणाला आणि पेन्सिल कानावरून काढून त्याने मुठीचे दोन्ही तुकडे जुळवून पुठ्ठ्यावर ठेवले. त्यांच्याभोवती रेघ मारायला तो वाकला.

"तशी नको," नरेंद्र म्हणाला. "मग?" बबनची पेन्सिल थांबली. नरेंद्रने उजवा हात बाकावर ठेवला. शाळेत तो फायलीखाली ठेवी, घरी मांडीवर. असा लाकडावर, उजेडात, तो कितीतरी दिवसांत ठेवला नव्हता. "ह्याच्यासाठी कर." बबनने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. मग त्याने हाताकडे पाहिलं आणि एकदा पाहिल्यावर नजर हटवली नाही. ड्रॉइंग पाहावं तसं तो पाहत होता. त्याने हात उचलला, पालथा केला, पुन्हा उताणा केला, अंगठा मागे-पुढे करून पाहिला. बोटं होती तिथल्या गुळगुळीत कातडीवरून त्याने आपला अंगठा फिरवला. कोणी तिथे हात लावला की नरेंद्र हात मागे ओढून घेई. आत्ता त्याने ओढला नाही. बबनचा अंगठा खरखरीत होता आणि त्याला काहीतरी माहिती हवी होती, एवढंच. "थंडीत दुखतं?" बबनने विचारलं. "नसलेलीच ठणकतात." "हं." बबन विचारात पडला. "पुढं बोट नाही म्हणजे पातं डगडगणार. मग तो जोर इथं घ्यायचा." त्याने अंगठ्याखालच्या मांसल भागावर दाबलं. "आणि भोक लहान. आणि इथं वर एक उंचवटा, म्हणजे ही मोकळी जागा त्याच्यावर टेकेल. माप कसं घेऊ? पट्टीने नाही मिळायचं." त्याने घराकडे तोंड करून हाक मारली. "वेणू, कणीक आहे का गं मळलेली?"

वेणूने घट्ट कणकेचा गोळा परातीतून आणला. कशाला ते कळल्यावर ती हसली. "ह्याच्या पोळ्या नाही हां करणार मी, भाऊजी." "नका करू, वहिनी." बबनने गोळ्याला लांबट आकार दिला आणि म्हणाला, "धर. करवत धरल्यासारखी धर. जोर लाव." नरेंद्रने धरलं. गार, मऊ पीठ बोटांच्या मधून वर आलं, आणि जिथे बोटं नव्हती तिथेही गेलं, अडलं नाही. मग बबनने त्याचा हात अलगद सोडवला. परातीत त्याच्या हाताची पोकळी राहिली. अंगठ्याचा खोल खड्डा, दोन बोटांच्या दोन पन्हळी, आणि मध्ये एक रुंद, सपाट, किंचित फुगीर जागा. नरेंद्र वाकून पाहू लागला. पोकळीवरून वस्तू ओळखायची त्याला आयुष्यभराची सवय होती. हात पाहताना काय नाही तेच त्याला दिसायचं. इथे जे होतं तेवढंच होतं. हे तीन बोटांचं काहीतरी होतं, नीट, पुरं, आणि ह्याचा नमुना करता आला असता. "वाईट नाही," बबन म्हणाला, जसं तो कोणाच्याही कामाला म्हणत असे. वेणूने चहा ठेवला.

लाकूड शिसवीचं निघालं. बबनच्या आईच्या पलंगाची डोक्याकडची फळी, काळी आणि जड. रेषा मुठीच्या लांबीतून जायला हव्यात, आडव्या गेल्या की पुन्हा तिथेच मोडणार, म्हणून बबनने पुठ्ठ्याचा आकार फळीवर कितीदा फिरवून पाहिला. आतल्या गोलाईसाठी भोकं पाडली, बारीक पात्याच्या करवतीने आकार बाहेर काढला. मग तो तुकडा त्याने शिकंज्यात आवळला आणि जाड दात्यांची कानस नरेंद्रपुढे धरली. "पुढचं तू." "मला नाही जमणार आता." "हात तुझा आहे. मला बाहेरून काय कळणार?" नरेंद्रने कानस डाव्या हातात घेतली आणि तिचं टोक उजव्या हाताच्या त्या सपाट जागेने दाबून धरलं. पहिल्यांदा ती घसरली. दुसऱ्यांदाही. मग लाकूड थोडं झिजलं. असे तीनचार रविवार गेले. बबन पाळण्याचे गज तासत बसायचा आणि हा पलीकडे कानस चालवायचा. बबनने तव्यामागची काजळी वाटीत काढून ठेवली होती. ती तळव्याला फासायची, मूठ घट्ट धरायची, सोडायची. जिथे काळं लागलं तिथे लाकूड जास्त आहे. तेवढंच घासायचं, पुन्हा काजळी, पुन्हा धरायचं. शिसवीवर काजळी नीट दिसत नसे, उजेडाकडे तिरकं धरून चमक बघावी लागे. ह्या कामात विचार करायला जागा नव्हती आणि तरी विचार येत होते. उल्हासनगरचा तो म्हातारा. शाळेचं हजेरीपुस्तक. अस्मिता लग्नात किती बारीक होती. टाइम ऑफिसच्या खिडकीतून दिसणारे नुसते हात, कार्ड धरलेले, पाच पाच बोटांचे, आणि त्याला चेहऱ्यांऐवजी हातच पाठ झाले होते. बबनचा हात खिडकीत आला की तो मान वर न करता सही करायचा. बबन कार्ड घेऊन थोडा वेळ तिथेच थांबायचा. मग मागचा माणूस ढकलायचा.

"बोटांचं काय केलंस?" नरेंद्रने विचारलं. मान वर न करता, कानस न थांबवता. विचारायचं असं त्याने ठरवलं नव्हतं. पलीकडचा तासायचा आवाज बंद झाला. बबनने हातातला गज खाली ठेवल्याचं त्याने ऐकलं. "मला वाटलं, दवाखान्यातच विचारशील," बबन म्हणाला. "मग वाटलं, कामावर आलास की विचारशील. मी यायचो ना डबा घेऊन, म्हटलं, आज विचारेल. तू जेवून बसलेला असायचास." नरेंद्र घासत राहिला. "डॉक्टरने पिशवीत घालून माझ्याच हातात दिली. म्हणाला, तुम्ही बघा काय ते. मी काय बघणार? वहिनींकडे कशी द्यायची? घरी आणली असती तर ही घाबरली असती. परत कंपनीत गेलो. आपल्या शेडच्या मागं, मोल्डिंगवाल्यांचा वाळूचा ढीग होता बघ, त्याच्या पलीकडं खड्डा केला. चांगला खोल. कुत्री उकरतील म्हणून वरती एक रिजेक्ट पीस ठेवला. पंपाचं झाकण." "कुठलं?" "सहा इंची." कानस थांबली. "सहा इंचीचा पॅटर्न माझा होता." "माहितीय," बबन म्हणाला. "म्हणून तर तेच ठेवलं." शेजारच्या इमारतीवर स्लॅबचं काम चालू होतं, मिक्सर घरघरत होता. "काही म्हणालास तेव्हा?" नरेंद्रने विचारलं. "काय म्हणणार? तुमच्यात काय म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं. आमच्यातलं म्हणावं तर ती तुझी. उभा राहिलो नुसता. मग भोंगा झाला, सेकंड शिफ्टवाले यायला लागले." त्याने गज पुन्हा उचलला, पण तासला नाही. "एकटाच होतो," तो म्हणाला. नरेंद्रने कानस बाकावर ठेवली. सगळ्या वर्षांत, त्या हाताचं जे काही झालं ते आपल्या एकट्याचंच झालं असं तो धरून चालला होता. त्याने काजळीची वाटी पुढे ओढली, तळव्याला फासली आणि मूठ धरली. सगळीकडे सारखं काळं लागलं होतं.

पात्यासाठी खाच पाडली, जुनेच पितळी स्क्रू घासून बसवले, जवसाचं तेल तीन वेळा चोपडलं. बबनने दात्यांना धार काढून दिली. नवी मूठ दिसायला चमत्कारिक होती. एका बाजूला जाड, वर उंचवटा, भोक लहान मुलाच्या करवतीला असावं तेवढं. नरेंद्रने पाळण्याच्या लाकडाचा उरलेला तुकडा बाकावर धरला आणि पातं टेकवलं. पहिल्यांदा घाबरत, मागे ओढली. मग पुढे. पातं डगलं नाही. नसलेली तर्जनी सवयीने पुढे सरळ झाली, तिला तिथे काही काम नव्हतं, आणि पातं तिच्याशिवाय सरळ खाली गेलं. त्याच्या खांद्याला घाम आला. तुकडा पडला तेव्हा बबनने तो उचलून काटकोनात तपासला, नरेंद्रला दिला आणि स्वतः करवत मागितली. त्याची चार बोटं भोकात शिरेनात. त्याने तीन घालून पाहिली, तरी अंगठा कुठेतरी भलतीकडेच जात होता. "छे," तो म्हणाला. "ही तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या उपयोगाची नाही." घरी अस्मिताचंही तेच झालं. तिने दोनदा हात घालून पाहिला आणि म्हणाली, "बरं झालं. आता रॅक तुम्हीच करा." पण करवत परत देताना तिने मुठीच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं, त्या उंचवट्यावर आणि दोन पन्हळींत, सावकाश. तिने हाताकडे पाहिलं नाही. मूठच बराच वेळ पाहत राहिली.

पुढच्या रविवारी बबन स्कूटर घेऊन खाली येऊन उभा राहिला. "बघायचंय का?" त्याने विचारलं. काय ते नरेंद्रने विचारलं नाही. अंबरनाथला फाउंड्रीच्या जागी पत्र्याचं कुंपण होतं आणि कुंपणावर हिरवळीत हसणाऱ्या कुटुंबाची चित्रं होती. भोंग्याचा मनोरा, शेड, चिमणी, काहीच नव्हतं. आतल्या बाजूला खांबांच्या सळ्या उभ्या होत्या. वॉचमनने सोडलं नाही. ऑफिसात जा म्हणाला. ऑफिस म्हणजे एसी लावलेली एक खोली. गळ्यात टाय बांधलेला तरुण उठून पुढे आला. "या ना अंकल, वेलकम. वन बीएचके बघताय की टू?" "टू," बबन म्हणाला. खोलीच्या मध्यभागी काचेखाली सगळ्या प्रकल्पाचा छोटा नमुना मांडलेला होता. सात इमारती, रस्ते, सुईएवढे दिवे. दोघेही सवयीने वाकून जोड बघू लागले. कोपरे नीट बसले नव्हते. तरुण बोलत होता, स्टेशन पास में है, शाळा जवळ आहे, पाणी चोवीस तास. नरेंद्रला ते ऐकू येत होतं. "गेट इथं होतं," बबन हळूच म्हणाला. "मग ही शेड. आपला बाक ह्या बिल्डिंगमध्ये येतो." त्याचं बोट काचेवरून सरकत गेलं. "वाळूचा ढीग. आणि मग." बोट थांबलं. तिथे हिरव्या स्पंजाची हिरवळ होती, एक घसरगुंडी होती, आणि तांदळाएवढी प्लास्टिकची मुलं. "तो किड्स प्ले एरिया आहे अंकल," तरुण म्हणाला. "पझेशनच्या वेळी एकदम रेडी मिळेल."

नरेंद्रने उजवा हात काचेवर ठेवला, त्या जागेच्या वर. काच गार होती. "इथं माझी दोन बोटं पुरलीयत," तो म्हणाला. तरुण हसला, गिऱ्हाईक काही म्हणालं की हसायचं हे त्याला शिकवलेलं असावं. मग त्याने काचेकडे पाहिलं आणि हसू तोंडावर तसंच राहून गेलं. एसीचा आवाज येत होता. "पाणी देऊ का अंकल?" तो म्हणाला आणि उत्तराची वाट न पाहता कागदी पेला भरून घेऊन आला. नरेंद्र प्यायला. बबन पाठमोरा होऊन भिंतीवरची दरपत्रकं वाचत होता, किंवा वाचत नव्हता. तरुणाने हातातलं माहितीपत्रक खाली ठेवलं. टायची गाठ सैल करत, विक्रीच्या भाषेत नाही, घरी कोणाशी बोलावं तशा साध्या आवाजात त्याने विचारलं, "दुखलं होतं का हो तेव्हा?"

कसं झालं, हे सगळ्यांनी विचारलं होतं. यंत्राला गार्ड होता का, चूक कोणाची, कंपनीने पुढे काय केलं, डावा हात चालतो का, हेही. नरेंद्रने रिकामा पेला काचेच्या कडेवर ठेवला. दुखलं का, हे मात्र त्याला आजवर कोणी विचारलं नव्हतं, आणि उत्तर काय हे त्याला शोधावं लागलं. "तेव्हा नाही," तो म्हणाला. भिंतीपाशी बबनची मान किंचित वळली. "तेव्हा मला वाटलं, रंग सांडलाय," नरेंद्र म्हणाला, आणि तरुणाने पुढे सरकवलेल्या खुर्चीवर बसून तो सांगू लागला.